सूर्याचा चोक

पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी अशा दोन सनातन हद्दींच्या मध्ये वसलेल्या दिघा गावी ऊन, मीठ आणि खारे पाणी या तीन जिनसांची टंचाई पडल्याची नोंद कोणत्याही अमदानीतल्या कोणत्याही दफ्तरात सापडावयाची नाही. ऊन तर येथे इतके सढळ की वैशाखातल्या भर दुपारी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाची सावलीसुद्धा भिऊन त्याच्या पायांखाली दडून बसते. खारे पाणी भरतीच्या निमित्ताने दिवसातून दोन वेळा आपण होऊन खाजणात येऊन जाते. आणि मिठाविषयी बोलावयाचे तर या खाडीकाठच्या आगरी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या ते नुसत्या उन्हावर पिकविले. असे असता, याच गावच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, वयाने पोक्त आणि वृत्तीने काटकसरी अशा एका गृहस्थाने मीठ परदेशी बादलीतून, समुद्र नळाच्या पाण्यातून आणि सूर्य जर्मनीतून मागविण्याचा संकल्प सोडावा, याला नियतीचा विनोद म्हणावे की विज्ञानाची प्रगती, हे वाचकांनी आपापल्या वीजबिलाच्या मानाने ठरवावे.

हे गृहस्थ आमचे शेजारी. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालविल्यामुळे, कोणतीही वस्तू तौलनिक तक्त्यावाचून खरेदी करावयाची नाही आणि कोणताही कागद फायलीवाचून मोकळा हिंडू द्यावयाचा नाही, हे दोन नियम त्यांच्या अस्थींत मुरलेले आहेत. घरात केरसुणी आणावयाची झाली तरी तीन दरपत्रके येतात. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेले मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय त्यांनी बालपणी वडिलांचे बोट धरून पाहिले होते, आणि त्या हिरवट काळोखात काचेपलीकडून आपल्याकडे टक लावून पाहणाऱ्या एका मत्स्याशी त्यांचे जे काही नेत्रपल्लवीने बोलणे झाले ते जमाबंदीच्या आणि सातबाराच्या धबडग्यात चाळीस वर्षे मनाच्या तळाशी दबून राहिले. निवृत्त माणसाला सामान्यतः ज्या वयात वेदान्त सुचतो त्या वयात त्यांना प्रवाळ सुचले. वेदान्ताला वीज कमी लागते, हे वहिनींनी त्याच वेळी बोलून दाखविले होते. परंतु त्यावर ‘नोंद घेतली’ एवढाच शेरा पडला.

आता, साधे गोड्या पाण्यातले मासे पाळणे आणि समुद्राच्या तळचे प्रवाळ पाळणे यांत एक मूलभूत भेद आहे, आणि या साऱ्या कथेचे मूळ त्या भेदात आहे. मासा दिव्यावाचून जगतो. कुर्ल्याच्या बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत आणलेला मासा पंधरा वॉटच्या नळीखाली, किंबहुना काळोखातही, आपले आयुर्मान कोणतीही तक्रार न करता पुरे करतो. प्रवाळ हा वस्तुतः प्राणी असला तरी त्याच्या अंगात एक सूक्ष्म एकपेशीय शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशात आपले अन्न सिद्ध करते आणि त्यातला फार मोठा हिस्सा आश्रयदात्याच्या स्वाधीन करते. प्रकाश मंदावला की ही रसद तुटते. आणि पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे शैवाल प्रवाळाच्या अंगातून बाहेर पडते आणि मागे उरतो तो पांढराफटक सांगाडा. म्हणजे या प्राण्याची मागणी अशी की माझ्या डोक्यावर उष्ण कटिबंधातला मध्याह्नीचा सूर्य तळपत असावा, आणि माझ्या पायांखालचे पाणी मात्र सव्वीस अंशांवर स्थिर असावे. असली परस्परविरोधी मागणी साहेबाकडून आली असती तर आमच्या शेजाऱ्यांनी ती ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून निवृत्तीपर्यंत चालढकलली असती. प्रवाळाकडून आली म्हणून त्यांनी ती शिरसावंद्य मानली.

खिडकी उघडावी, ऊन आत घ्यावे, असा सल्ला मी दिला. त्यावर त्यांनी माझ्याकडे, सातबाराचा उतारा वाचता न येणाऱ्या शहरी माणसाकडे तलाठी पाहतो त्या नजरेने पाहिले आणि समजावून सांगितले की खिडकीतले ऊन तिरपे असते, दोन तासच टिकते, काचेवर शेवाळ चढविते आणि मुख्य म्हणजे पाणी तापविते. सबब खिडकीला जाड पडदा लावण्यात आला. बाहेर विनामूल्य सूर्य डोंगरमाथ्यावरून खाडीपर्यंत आपला नित्याचा प्रवास करीत असताना आत पडदा ओढून, काळोख करून, त्या काळोखात विकतचा सूर्य कोणता लावावा याचा विचार सुरू झाला.

विकतचे सूर्य केल्व्हिन नामक परिमाणाने मोजले जातात. आपला नेहमीचा, पूर्वेला उगवणारा सूर्य सुमारे ५,८०० केल्व्हिनांचा. म्हणजे या शौकिनांच्या दृष्टीने तो पिवळा पडलेला, निस्तेज आणि निवडीस अपात्र. जपानी इवासाकीचा दिवा ६,५०० चा. त्याखाली वाढ जोमदार होते, पण सारा देखावा कावीळ झाल्यागत दिसतो. त्यावर १०,००० चा शुभ्र, १४,००० चा निळसर, आणि सर्वांत वर, रेडियम नावाच्या जर्मन कंपनीचा २०,००० चा गर्द निळा. निळ्याचे समर्थन शास्त्रशुद्ध आहे. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते आणि निळा तेवढा खोल जाऊ देते, त्यामुळे तळच्या प्रवाळाला निळ्याचीच सवय असते. तथापि निळा जितका वाढवावा तितकी दिव्याची एकूण उपयुक्त प्रभा घटते. म्हणजे वाढ हवी तर रंग सोडा, रंग हवा तर वाढ सोडा, असा हा पेच. आमच्या शेजाऱ्यांना दोन्ही हवे होते. सात रकान्यांचा तक्ता तयार झाला, त्यात प्रत्येक दिव्याची प्रभा, आयुष्य, किंमत, टाकीपासूनचे अंतर आणि ‘अभिप्राय’ असे रकाने पडले, आणि अखेर २०,००० वर खूण झाली. पहिल्या रात्री तो दिवा लागला तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या, क्षणभर पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगदी कालियामर्दनाच्या देखाव्यातले दिसता. कृष्ण नव्हे हं. ते दुसरे.”

पण मी पुढे धावलो. दिवा ठरला तरी तो लागण्यापूर्वी चोकाचा प्रश्न होता, आणि मला आता असे वाटू लागले आहे की या संपूर्ण शास्त्रात दिवा, प्रवाळ, मासा आणि माणूस ही सारी दुय्यम पात्रे असून नायकत्वाचा मान चोकाचा आहे.

आमच्या शेजाऱ्यांचा दिवा मेटल हॅलाइड जातीचा, आणि या जातीच्या दिव्याच्या पोटात तार नसते. चार्ल्स स्टाइनमेट्झ नावाच्या विद्युत्‌पंडिताने १९१२ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले आणि जिला बाजारात येण्याला १९६० चे दशक उजाडावे लागले, त्या कल्पनेनुसार क्वार्ट्‌झच्या एका इवल्या नळीत थोडा पारा, थोडा वायू आणि काही धातूंची आयोडाइडे कोंडलेली असतात. दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पडली की हे सारे बाष्परूप होऊन तळपू लागते. येथवर ठीक. परंतु या ज्योतीचा स्वभाव असा विलक्षण की तिच्यातून जितका प्रवाह जावा तितका तिचा विरोध कमी होत जातो, आणि जितका विरोध कमी तितका प्रवाह अधिक. म्हणजे तिला मोकळी सोडली तर ती पाहता पाहता स्वतःचाच नाश करून घेईल. अशा उधळ्या, तेजस्वी आणि आत्मघातकी नवऱ्याला आवर घालावयाला जी एक जड, शांत, तांब्याच्या वेटोळ्यांनी भरलेली आणि सतत काहीतरी पुटपुटणारी सहधर्मचारिणी लागते ती म्हणजे हा चोक. आणि जेथे लग्न आले तेथे पत्रिका आल्या. २५० वॉटच्या दिव्याला ४०० चा चोक चालत नाही हे तर सगोत्र विवाहाइतके उघड आहे; परंतु वॉट जुळले म्हणून गुण जुळतातच असे नाही. एकच दिवा एका चोकावर निळा आणि मंद जळतो, दुसऱ्यावर पांढरा आणि प्रखर. काही दिव्यांना पेटविण्यासाठी हजारो व्होल्टांचा धक्का देणारा इग्नायटर लागतो, काही त्यावाचून पेटतात, आणि पहिल्यांना दुसऱ्यांच्या घरात दिले तर ते जन्मभर अंधारात बसतात. कोणता दिवा कोणत्या चोकाशी कसा नांदतो, हे एकेका जोडीला प्रयोगशाळेत बसवून, प्रभा आणि रंग मोजून, आलेखांसह प्रसिद्ध करण्याचे काम अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे प्राध्यापक संजय जोशी यांनी वर्षानुवर्षे केले. ते औद्योगिक अभियांत्रिकी शिकवीत. प्रवाळ हा त्यांचा घरचा छंद. पत्रिका जुळविण्याचे हे काम साऱ्या जगातून शेवटी एका जोशांकडेच यावे, यात मला तरी काही आश्चर्य वाटले नाही. आमच्या शेजाऱ्यांनी ते आलेख छापून घेऊन फायलीला लावले आणि वर ‘गुणमेलन’ असे ठळक अक्षरांत लिहिले.

चोक आणावयाला आम्ही दोघे मुंबईस लोहार चाळीत गेलो. विजेच्या सामानाची ही जुनी पेठ. गल्लीच्या दोन्ही बाजूंना तारांची भेंडोळी आणि दिव्यांच्या माळा अशा लोंबकळतात की उंच माणसाने नम्र व्हावे. तेथे चोक मागणाऱ्या गिऱ्हाइकाचे दोनच प्रकार दुकानदाराला ठाऊक असतात.

“ग्राउंडला पाहिजे का मंडपाला?” शेठनी वर न पाहता विचारले.

“पोवळ्यांना,” शेजाऱ्यांनी तितक्याच गांभीर्याने सांगितले.

शेठनी या वेळी वर पाहिले. मग अत्यंत सौजन्याने, हाताने दिशा दाखवीत, ते म्हणाले, “पोवळ्याला झवेरी बाजार. हे इथून पुढे. इथं नाय भेटणार, साहेब.”

शेठचे काही चुकले नव्हते. मंगळाच्या अंगठीतले जे पोवळे झवेरी बाजारात मिळते ते भूमध्य समुद्रातल्या तांबड्या प्रवाळाचे. आणि गंमत अशी की त्याच्या अंगात ते शैवाल नसते, त्यामुळे तो कपारींच्या आणि खोल पाण्याच्या अंधारात सुखाने वाढतो आणि त्याला दिवा लागत नाही, चोकही लागत नाही. ज्योतिषशास्त्राने माणसाच्या गळ्यात बांधलेले पोवळे एकंदरीत विज्ञानशास्त्राने बांधलेल्या पोवळ्यापेक्षा स्वस्त पडते, असा एक हिशेब मी परतीच्या गाडीत मनाशी करून पाहिला, बोललो नाही. शेठनी शेवटी ४०० वॉटचा देशी चोक, इग्नायटर आणि कपॅसिटर असा तिहेरी सरंजाम बांधून दिला. वजन एवढे होते की ठाण्याच्या फलाटावर पूल चढताना हमालाने ‘आत काय, देव आहे का?’ असे विचारले.

दरम्यान न्यू जर्सीतल्या भाच्याला मामांच्या छंदाची वार्ता लागली होती आणि दिवाळीला येताना त्याने सामानाच्या निम्म्या वजनात एक अस्सल अमेरिकन चोक आणला. भाच्याचे प्रेम निःसंशय. परंतु तो चोक १२० व्होल्टांचा आणि ६० हर्ट्‌झांचा, आणि दिघ्याची वीज २३० व्होल्टांची आणि ५० हर्ट्‌झांची. “त्यात काय, मामा, ट्रान्सफॉर्मर लावू,” असे भाचा म्हणाला. व्होल्ट उतरविता येतात हे खरे. हर्ट्‌झ मात्र ट्रान्सफॉर्मरला दाद देत नाहीत. आणि लोखंडी गाभ्याच्या चोकाची आवर घालण्याची शक्ती हर्ट्‌झांवर अवलंबून असते, त्यामुळे साठाच्या सवयीचा चोक पन्नासावर आणला की त्याचा धाक सहाव्या हिश्शाने कमी होतो, प्रवाह वाढतो आणि चोक तापू लागतो. परदेशात वाढलेली सून आणि इकडच्या चालीरीती, असे वहिनी पुटपुटल्या. तो चोक अद्याप त्यांच्या दिवाणखान्यात आहे. वर्तमानपत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवतात, आणि या कामी त्याच्या तोडीचा चोक मी पाहिलेला नाही.

देशी चोक जोडला गेला, आणि दुसऱ्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरून तक्रार आली. तेथे राहणाऱ्या बाई शास्त्रीय संगीताच्या शिकवण्या घेतात. विजेची दिशा सेकंदाला पन्नास वेळा फिरून येते, प्रत्येक फेऱ्यात लोखंडी पत्रे दोनदा थरारतात, आणि म्हणून चोकाचा गुंजारव सेकंदाला शंभर कंपनांचा असतो. हा स्वर पांढरी पाचच्या किंचित वर आणि काळी चारच्या बराच खाली पडतो. बाई पांढरी पाचमध्ये गाऊ लागल्या की चोक चढा लागे, आणि काळी चारमध्ये गेल्या की उतरलेला. भिंतींतून तासन्‌तास असा एक बेसूर षड्ज झिरपत असता शिष्यांनी यमन कसा घोटावा, असा त्यांचा रास्त सवाल होता. शेजाऱ्यांनी चोक लाकडी फळीवरून काढून रबराच्या जाड तुकड्यांवर ठेविला. आवाज निम्मा झाला, पण गेला नाही. आणि बाईंनी अखेर महावितरणाशी नव्हे तर चोकाशीच तडजोड करून तंबोरा त्या मधल्या, हार्मोनियमच्या कोणत्याही पट्टीत न बसणाऱ्या स्वरात लावून घेतला. त्यांचे शिष्य स्पर्धेला जातात तेव्हा पेटीवाल्याला घाम फुटतो असे ऐकतो.

इलेक्ट्रॉनिक चोक घेतला असता तर ही कटकट नव्हती, असे एक मत इमारतीत आहे. तो हलका, मुका आणि विजेच्या बाबतीत थोडा कमी खादाड असतो. परंतु आमच्या शेजाऱ्यांचा वजनदार वस्तूंवरच विश्वास. जे हातात घेतल्यावर मनगट वाकत नाही ते टिकाऊ नसते, हा त्यांच्या पिढीचा सिद्धान्त, आणि लोखंड-तांब्याचा चोक वर्षानुवर्षे मरत नाही हे तर त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येत नाही.

मेटल हॅलाइड दिव्याचा आणखी एक स्वभावविशेष दिघ्यातच पूर्णपणे अनुभवास येतो. वीज अर्धा निमिष लुकलुकली आणि परत आली, तर पंखा, फ्रिज, दूरदर्शन सारे काही झाले नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतात. हा दिवा होत नाही. तो तापलेला असतो, आतल्या बाष्पाचा दाब चढलेला असतो, आणि तो निवून दाब उतरेपर्यंत ठिणगी आत शिरू शकत नाही. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे तो मानी जावयाप्रमाणे तोंड फिरवून बसतो आणि मग कोणीही न बोलाविता, आधी जांभळा, मग हिरवट, मग निळा, असे रंग बदलत हळूहळू मूळ पदावर येतो. या काळात शेजारी टाकीपुढे खुर्ची टाकून बसतात. मनगटातल्या घड्याळाकडे पाहत, कोणालाही बोलू न देता, ते प्रतीक्षा करतात. आणि प्रतीक्षेच्या बाबतीत दिघेकरांना कोणी काही शिकवावे असे नाही, कारण दिघा गाव रेल्वे स्थानक बांधून सज्ज झाल्यावरही उद्घाटनाचा मुहूर्त लागेपर्यंत आम्ही सगळ्यांनी महिनोन्‌महिने त्याच्या रिकाम्या फलाटांवरून गाड्या न थांबता जाताना पाहिल्या आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी तो मुहूर्त लागला. त्या मानाने पंधरा मिनिटे म्हणजे काहीच नव्हेत.

खर्चाचे प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण ते ऐकून शेजारी स्वतःच अस्वस्थ होतात. ४०० वॉटचा दिवा, त्यात चोकाची स्वतःची दक्षिणा चाळीसेक वॉट, रोज आठ तास, म्हणजे महिन्याकाठी शंभराच्या वर युनिटे. हा झाला नुसता उजेड. त्या उजेडाने पाणी तापते, म्हणून पाणी गार करणारे चिलर. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकते, म्हणून खोली गार करणारे एअर कंडिशनर. ही दोन्ही मिळून मीटरचा मंजूर भार ओलांडतात, म्हणून भारवाढीचा अर्ज. आणि तापलेल्या पाण्याची वाफ होऊन खारटपणा वाढू नये म्हणून रोज बादलीभर गाळीव गोडे पाणी. एवढे करून दिव्याचा रंग वर्षभरात उतरू लागतो आणि तो अद्याप पेटत असताच बदलावा लागतो. विझलेला दिवा फेकणे एक वेळ माणसाला जमते. जळता दिवा फेकावयाला काळीज लागते. पहिला दिवा त्यांनी बदलला तेव्हा तो कापसात गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि कागदावर लिहिले: ‘सेवानिवृत्त. प्रकृती उत्तम.’

ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये नोकरीस असलेला आमच्या इमारतीतला एक तरुण या सर्व प्रकाराकडे करुणेने पाहतो. त्याच्या टाकीवर एलईडी आहे. ते मोबाइलवरून चालते, सकाळी सूर्योदय करते, दुपारी ढग आणते आणि वीज अर्धीच खाते. “काका, हे तुमचे मेटल आता कोणी वापरत नाही हो,” असे तो म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण एका बाबतीत मी आमच्या शेजाऱ्यांच्या पक्षाचा आहे, आणि ते येथे गंभीरपणे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. मालवणला सिंधुदुर्गाच्या तटाजवळ, जेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेथल्या उथळ पाण्यात ज्याने एकदा तोंड बुडवून पाहिले असेल त्याला ठाऊक असेल की समुद्राच्या तळावर ऊन नुसते पडत नाही. ते लाटांच्या भिंगांतून गाळले जाऊन सोनेरी रेघांच्या जाळ्याने वाळूवर, खडकावर, प्रवाळाच्या शेंड्यांवर अखंड धावत असते. हे जाळे विणले जाते ते प्रकाश एका बिंदूतून येतो म्हणून. नळीच्या दिव्यांखाली ते मुळीच उमटत नाही. एलईडीच्या निरनिराळ्या रंगांच्या ठिपक्यांखाली उमटते, पण पुष्कळदा त्याच्या सावल्यांना तांबडी-निळी किनार येते आणि तळावर लग्नातली रोषणाई चालू असल्याचा भास होतो. मेटल हॅलाइडची ज्योत बोटाच्या पेराएवढी. तिच्याखाली दिघ्यातल्या तिसऱ्या मजल्यावर मालवणचे पाणी हलताना मी डोळ्यांनी पाहिले आहे. खाली टाकीत तोवर एकही प्रवाळ नव्हता, ही गोष्ट निराळी.

होय, नव्हता. आधी प्रकाशाची व्यवस्था, मग रहिवाशांचे वाटप, असा कचेरीचा क्रम होता. आणि येथे एक असा प्रसंग उद्भवला की ज्याला केवळ शासकीय शिस्तीत वाढलेला मनुष्यच पात्र होऊ शकतो. शेजाऱ्यांनी दिव्याची फाइल एक आणि कायद्याची फाइल दुसरी, अशा दोन स्वतंत्र फायली राखल्या होत्या. दोन्ही आपापल्या जागी अद्ययावत होत्या. त्यांची परस्परांशी गाठ मात्र कधी पडली नव्हती. कायद्याच्या फायलीत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ होता. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, ज्या पंगतीला वाघ बसतो त्याच पंगतीला, सर्व खडक बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे ही मंडळी मानाने बसलेली आहेत. मुंबईच्या कोस्टल रोडच्या मार्गात वरळी आणि हाजी अली येथले काही प्रवाळ आले तेव्हा त्यांना नुसते उचलता आले नाही. रीतसर परवानगी निघाली, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आले आणि त्या प्रवाळांपैकी काहींची कुलाब्याच्या नेव्हीनगरकडे बदली झाली. (‘मुंबईतल्या मुंबईत बदली. वशिला दांडगा दिसतो,’ हा शेजाऱ्यांचा त्यावरील अभिप्राय.) वाघाला जी कलमे लागतात ती ज्याला लागतात असा प्राणी आपल्या दिवाणखान्यात ठेवण्याची जोखीम निवृत्तिवेतनावर जगणारा सद्गृहस्थ घेणार नव्हता. त्यांनी अनुसूची शब्दशः वाचली, जे तिच्यात नाही ते शोधून काढले, आणि सकागदपत्र, पावतीनिशी, परदेशी पैदाशीचे मऊ प्रवाळ आणले: छत्रीच्या आकाराचे, चामड्यासारखे, मखमली बटणांसारखे.

कायदा राखला गेला. परंतु हे मऊ प्रवाळ, विशेषतः ते छत्रीवाले, स्वभावतः मंद उजेडात सुखी असतात. ४०० वॉटचा सूर्य ज्यांच्यासाठी सात रकान्यांतून निवडला गेला ते कठीण, शाखांचे, उथळ पाण्यातले प्रवाळ पहिल्या अनुसूचीत. आणि टाकीत जे आले त्यांना ट्यूबलाइट पुरली असती. पहिल्या दिवशी दिवा लागताच छत्र्या मिटल्या, बटणे आक्रसली आणि चामडे सुरकुतून एका बाजूला कलंडले. पाण्यापासून एका फुटावर असलेला दिवा दीड फुटावर नेला, मग दोनावर, मग साखळीने आणखी वर. आणि आता तो छताच्या पंख्याच्या पातळीला जाऊन, टाकीला थोडा आणि आमच्या संपूर्ण जिन्याला पुष्कळ असा प्रकाश देत लटकतो. चार मजल्यांच्या लोकांना संध्याकाळी कुलूप उघडताना किल्ली शोधावी लागत नाही. त्याबद्दल सोसायटीने आभाराचा ठराव संमत केला आणि जिन्यातले दोन दिवे खर्चबचतीसाठी काढून टाकले, त्यामुळे दिवा बदलण्याचा विचारही आता शेजाऱ्यांना एकट्याने करता येत नाही. तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागेल.

भाद्रपद जवळ आला तेव्हा गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन आले. दारात उभ्या उभ्याच त्यांची नजर वर गेली.

“काका, मेटल आहे? चारशेचा? चोकसकट?” अध्यक्षाचा आवाज भक्तीने भरून आला. “वर्गणी राहू द्या. दहा दिवस हाच द्या. यंदा देखावा समुद्रतळाचा आहे.”

शेजाऱ्यांनी त्यांना आत बसविले. देखाव्याची लांबी-रुंदी विचारली, प्रवाळ कशाचे करणार ते विचारले, पुठ्ठ्याचे म्हणताच कोणत्या जातीचे ते विचारले, आणि पोरांपुढे कागद ओढून घेऊन शिंगांसारखे फुटवे असलेले, ताटासारखे पसरलेले, मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे असे सगळे कठीण प्रवाळ त्यांना काढून दाखविले. पुठ्ठ्याला पहिली अनुसूची लागू नाही, हे त्यांनी दोनदा खात्री करून सांगितले. मग अटी घातल्या: दिवा मूर्तीपासून चार फूट दूर, रबराच्या तुकड्यांसह चोक मंडपामागे, विझविल्यावर पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा लावण्याचा प्रयत्न कोणीही करावयाचा नाही, आणि दररोज सायंकाळी प्रकाशमापकासह त्यांना स्वतःला पाहणीस मुभा असावी. कार्यकर्त्यांनी सर्व मान्य केले. दहा दिवस छत्र्या उघडून बसल्या, जिना अंधारात राहिला, आणि वरच्या बाईंच्या शिष्यांना सूर सापडेना.

पावती मात्र शेजाऱ्यांनी तीन वेळा फाडून नव्याने करवून घेतली. शेवटच्या पावतीवर ‘रोख रुपये’ हे शब्द खोडून त्यावर अध्यक्षांची आद्याक्षरे आहेत आणि खाली लिहिले आहे: ‘सूर्य, नग एक, २०,००० केल्व्हिन, चोकसह, परत बोलीवर.’